साळिंदर नव्हे

संध्याकाळच्या पेपरात, पान अकरा,
हवामान आणि निधनवार्ता यांच्या मधे
तीन चौकटी.
पहिलीत पार्किन बाकावर बसलेला.
दुसरीत तो घड्याळ बघतो.
तिसरीत म्हणतो : नॉट टुडे, देन.
आणि उठत नाही.

एवढंच.
एकोणतीस वर्षं, रविवार सोडून.
अर्ध्या हॅलिफॅक्सनं त्याच्याबरोबर
नऊ नंबरच्या बसची वाट पाहिली.

बाबा त्याला साळिंदर म्हणायचे.
मी म्हणायचे, बाबा, हेजहॉग. याचे काटे आखूड असतात.
ते म्हणायचे, असतील. थंडीनं आखडले असतील.
इचलकरंजीच्या मागांवरून उठून
गालिच्यांच्या गिरणीत रात्रपाळीला आलेला माणूस,
इंग्रजी शिकला ते याच्याकडून,
रोजचा धडा, चहात बुडवून.
मुकादमानं बढती दुसऱ्याला दिली : नॉट टुडे, देन.
घरून पत्र नाही : नॉट टुडे, देन.
डॉक्टरांनी रिपोर्ट पुढच्या आठवड्यावर ढकलला
तेव्हाही; फक्त आवाज जरा कमी.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही जमतो
चॅपेलमागच्या हॉलमध्ये, अकरा जण,
गुडघे सगळ्यांचे सारखेच.
डोरीन अ‍ॅक्रॉइड काकवी-आल्याचा केक आणते.
त्या केकचंही नाव पार्किन,
आणि पहिला तुकडा मोडताना
कुणीतरी म्हणतंच, सॉरी हं, म्हाताऱ्या.
वाद ठरलेला :
शेवटच्या दिवशी बाक रिकामा होता,
ओली पावलं चौकटीबाहेर गेलेली.
बस आली, की तो चालत गेला?
क्लिफर्ड हेग धुराडी दुरुस्त करायचा. तो म्हणतो, चालत.
डोरीन म्हणते, एकवीस वर्षं तोच रूट चालवला मी,
मी थांबवली असती.
नझाकत टॅक्सीवाला म्हणतो, मला फोन करायचा ना.
चित्रं काढणाऱ्या मिस सग्डेन इथंच राहायच्या, टेकडीवर.
त्या होत्या तोवर कुणी विचारलं नाही.
वाटलं, उद्या कळेलच.

यंदा मी बाबांची वही नेली.
हिशेबाची, जाड, खळीनं फुगलेली.
छापखान्याचा संप झाला ते सहा दिवस
सगळ्यांच्याच वह्यांत कोरे आहेत.
बाबांच्या नाहीत.
पट्टीनं आखलेल्या चौकटी, निळं बॉलपेन,
आणि बाकावर पार्किन,
काटे हातभर लांब.
साळिंदरच.

क्लिफर्डनं चष्मा बदलला.
यात बस येते, डोरीन म्हणाली. अरे, येते यात बस!
आली होती. खच्चून भरलेली,
दारात खाकीतला कंडक्टर
(हॅलिफॅक्सला खाकी कुठली),
आणि फुग्यात मराठी.
काय म्हणतोय तो?
सांगताना मला हसू आवरेना,
मग दुसरंच काहीतरी आवरेना.
मागची गाडी रिकामी येतीय.
सहाही दिवस तेच वाक्य.
सहाव्या दिवशी साळिंदरानं डबा उघडलाय
आणि सरकून बाकावर जागा केलीय कुणाला तरी.
चेहरा जमलेला नाही. दोन वेण्या आहेत.

हे धरायचं का, यावर मतदान झालं.
नऊ विरुद्ध दोन.
क्लिफर्ड विरोधात; काटे चुकलेत म्हणाला,
आणि जाताना झेरॉक्स मागितली.

डोरीन स्टॉपपर्यंत आली.
पाटीवर लाल अक्षरं : रद्द.
तिनं जिभेवर घोळवून पाहिलं,
माग्ची गाडी, माग्ची गाडी,
आणि बाकावरचं पाणी बाहीनं पुसलं,
दोघींपुरतं.